कंत्राटावर सही होण्याआधीचा कागद

विषय: फेडरल अनुदान, कंत्राटदाराची तपासणी – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी वॉशिंग्टन राज्यातल्या एका छोट्या शहराच्या अर्थ विभागात नुकतीच रुजू झाले आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुनी पाण्याची पाइपलाइन बदलायला शहराला फेडरल अनुदान मिळालं होतं आणि आता राज्याच्या ऑडिटरची माणसं येणार आहेत. फायलीत निविदा आहे, आलेल्या बोली आहेत, करार आहे, बिलं आहेत. पण कंत्राटदार फेडरल सरकारच्या काळ्या यादीत नाही, हे कुणी आणि कधी पाहिलं, याचा एकही कागद सापडत नाही. आमचे वरिष्ठ म्हणतात, तो कितीतरी वर्षं शहराची कामं करतोय, त्याला कोण ओळखत नाही? आज सॅमवर (फेडरल सरकारच्या सॅम डॉट गव्ह या वेबसाइटवर) बघ, प्रिंट काढ आणि लाव फायलीत.

असं केलं तर चालेल का? या क्षेत्रातलं कुणी आपल्या मराठी मंडळाच्या ईमेल लिस्टवर असेल तर कृपया सांगा.

उत्तर: फेडरल अनुदान, कंत्राटदाराची तपासणी

अगं, प्रिंट जरूर काढ, पण त्यावर आजचीच तारीख राहू दे. सोबत एक टिपण जोड: करार कधी झाला, तपासणी आज केली, कंत्राटदार यादीत आढळला नाही. मागची तारीख घालायचा विचारही कुणाला करू देऊ नकोस. तपासणी राहून गेली ही त्रुटी आहे. मागची तारीख घालणं म्हणजे सरळ खोटा पुरावा तयार करणं.

ऑडिटरचा शेरा येईलच, कारण नियम सही होण्याआधी तपासायला सांगतो. मात्र कंत्राटदार त्या वेळी बंदीत नव्हता असं दिसलं, तर बहुतेक वेळा पैसे परत मागितले जात नाहीत. वॉशिंग्टनच्या ऑडिटर कार्यालयाचे अहवाल सगळ्यांसाठी खुले आहेत, ते चाळ. हाच शेरा शहरं, काउंट्या आणि शाळांच्या डिस्ट्रिक्टांवर पुन्हा पुन्हा मारलेला दिसेल. २०२१ च्या कोविड मदत कायद्यातून राज्यांना आणि स्थानिक सरकारांना ३५० अब्ज डॉलर मिळाले, तेव्हा कितीतरी छोटी गावं पहिल्यांदाच सिंगल ऑडिटच्या, म्हणजे फेडरल पैसा ठरावीक मर्यादेइतका खर्च केला की करावं लागणाऱ्या ऑडिटच्या, कक्षेत आली. तेव्हा ती मर्यादा वर्षाला ७.५ लाख डॉलर फेडरल खर्चाची होती. १ ऑक्टोबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ती १० लाख झाली आहे.

"त्याला कोण ओळखत नाही" याबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं. पूर्वी एका खात्याने फसवणुकीसाठी बाहेर काढलेला माणूस दुसऱ्या खात्याच्या अनुदानावर निवांत काम मिळवायचा. म्हणून १९८६ मध्ये रेगन यांनी १२५४९ क्रमांकाचा आदेश काढला, की एका खात्याची बंदी सगळ्या खात्यांच्या अनुदानांना लागू. १९८९ च्या आदेशाने सरकारी खरेदीही त्याच्याशी जोडली गेली. आज हे नियम २ सीएफआर १८० मध्ये (फेडरल नियमसंग्रहाच्या त्या भागात) आहेत. तुमच्या गावात ज्याचं काम चोख आहे, त्याने तीन राज्यं पलीकडे काय केलंय हे गावातल्या ओळखीवरून कसं कळणार?

पडताळणीचे तीन मार्ग नियमातच दिलेत. सॅम डॉट गव्हवर बंदीची यादी पाहा, किंवा कंत्राटदाराकडून लेखी हमी घ्या, किंवा करारातच तसं कलम घाला. तिन्हीपैकी एक पुरे. मी स्वतः दोन करते: कलम कराराच्या नमुन्यातच कायमचं छापून ठेवलंय, म्हणजे कुणी रजेवर असलं तरी ते सुटत नाही, आणि सहीच्या दिवशी यादीही पाहते.

यादी पाहताना लोक कुठे फसतात ते नीट वाच. सॅमवर नोंदणीची नोंद वेगळी आणि बंदीची नोंद वेगळी. नोंदणी चालू आहे याचा अर्थ बंदी नाही असा होत नाही. उलट साध्या कंत्राटदाराची तिथे नोंदणी नसली तरी तो पात्र असू शकतो. तेव्हा शोध बंदीच्या यादीतच घे. कंपनीचं कायदेशीर नाव, दुकानावरचं नाव, आधीचं नाव, सगळी टाकून बघ. मालक आणि मुख्य अधिकारी यांचीही नावं टाक, कारण बंदी माणसावरही असते. सारखं नाव निघालं तर लगेच घाबरू नकोस. पत्ता आणि युईआय (सॅमवर मिळणारा ओळख क्रमांक) जुळतोय का ते बघ, तरी शंका राहिली तर ज्या खात्याने बंदी घातली त्यांना विचार.

रक्कम: कंत्राट २५,००० डॉलर किंवा जास्त होईल अशी अपेक्षा असेल तर तपासायचंच. इथे एकेक बिल धरत नाहीत, पूर्ण कराराची रक्कम धरतात. मात्र अनुदानातला वाटा पुढे दुसऱ्या संस्थेला देत असाल, तर रक्कम कितीही असो, तपासणी हवीच. कायद्याने करावं लागणारं ऑडिट ज्यांच्याकडून घेता त्यांनाही रकमेची सूट नाही.

– ताई (काउंटीच्या अनुदान विभागात काम करते)

उत्तर: उत्तर: फेडरल अनुदान, कंत्राटदाराची तपासणी

ताईंनी छान समजावलंय. मी कंत्राटदाराच्या बाजूने लिहितो, कारण आपल्या मंडळात छोट्या इंजिनीअरिंग आणि केटरिंगच्या फर्म बऱ्याच आहेत.

सॅमवरची नोंदणी आणि युईआय दोन्ही पूर्णपणे मोफत आहेत. सरकारी वाटावी अशी पत्रं आणि ईमेल येतात, नूतनीकरणासाठी शेकडो डॉलर मागतात. देऊ नका. पूर्ण नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते, १२ अक्षर-अंकांचा युईआय मात्र तोच राहतो. एप्रिल २०२२ पासून जुन्या डन्स क्रमांकाची जागा त्याने घेतली आहे, तेव्हा जुने फॉर्म पुढे पाठवू नका.

शहराने हमीपत्र पाठवलं की डोळे मिटून सही करू नका. त्यात तुम्ही तुमच्यासाठी आणि फर्मच्या मुख्य माणसांसाठी शब्द देता. उद्या नवा भागीदार घेतला तर त्याचंही नाव यादीत पाहा.

आणि कार्यकारिणीला विनंती: मराठी शाळेसाठी आपण काउंटीच्या अनुदानाला अर्ज करणार आहोत. पैसा मूळ फेडरल असेल आणि आपण त्यातले वाटेकरी असू, तर युईआय लागेल. पूर्ण नोंदणीची गरज नाही. अध्यक्ष आणि खजिनदार यांची नावंही तपासली जातील. कुणी राग मानू नये. हा लोकांच्या कराचा पैसा आहे.

– काका

उत्तर: उत्तर: उत्तर: फेडरल अनुदान, कंत्राटदाराची तपासणी

ताई, काका, मनापासून आभार. टिपण आजच्याच तारखेने लिहिलं आणि वरिष्ठांनी वाचून सही केली. यादीत तो कंत्राटदार नाही, मालकही नाही.

आता एकच शंका. याच कामात आणखी एक गल्ली वाढवायची आहे, रक्कमही वाढेल. नवा करार नाही, जुन्यालाच पुरवणी. पुन्हा तपासू का?

उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: फेडरल अनुदान, कंत्राटदाराची तपासणी

हो, तपास. करार चालू असताना कंत्राटदारावर बंदी आली तर ते काम नियमाप्रमाणे पूर्ण करून घेता येतं. पण कराराचं नूतनीकरण करायचं किंवा तो वाढवायचा, तर अनुदान देणाऱ्या खात्याची खास सूट लागते. खर्च न वाढवता नुसती मुदत वाढवणं तेवढं चालतं. तुमची तर रक्कमच वाढतेय. तेव्हा पुरवणीवर सही होण्याआधी त्याच दिवशीचा प्रिंट काढ, शोधात टाकलेली नावं आणि तारीख त्यावर दिसू देत, आणि पुरवणीतही ते कलम घालून घे.

– ताई