बालगृहातली मुलगी 18 ची होतेय, पुढे काय?

शलाका_ताई:
नमस्कार, मी मुलींच्या बालगृहात काळजीवाहक आहे, मोठ्या मुलींचा गट माझ्याकडे असतो. त्यातली एक येत्या उन्हाळ्यात 18 पूर्ण करतेय, बारावी कॉमर्स, अभ्यासात चांगली. आईवडील दोघंही नाहीत, मामा आहे पण तो फक्त लग्न लावून देतो म्हणतो. ऑफिसात विचारलं तर 18 झाली की सोडायचं, एवढंच उत्तर. परवा तिला दूध आणायला पाठवलं तर पाचशेची नोट दिली आणि सुट्टे न मोजताच परत आली, कारण एकटी दुकानात कधी गेलीच नव्हती ना. रात्री विचारते, ताई मी राहणार कुठे? काय सांगू तिला?

परिविक्षा_दादा:
ताई, 18 ला सगळं संपत नाही. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 46 मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या मदतीची तरतूद आहे, 21 पर्यंत मदत मिळू शकते, अपवादात्मक केसमध्ये अजून 2 वर्षं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत महिना 4,000 रुपये धरलेत. पण हे आपोआप कोणी आणून देत नाही, मागावंच लागतं. बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबद्दलचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) लेखी अर्ज करा, जिल्हा बाल संरक्षण कक्षात कॉपी देऊन पोच घ्या, आणि सगळं तिचे 18 भरायच्या आत.

वाट_माझी:
मी स्वतः बालगृहात वाढलोय म्हणून सांगतो, आधी कागदं बघा. अनाथ प्रमाणपत्र काढून घ्या, 2018 पासून महाराष्ट्रात शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे आणि या कागदाशिवाय ते मिळत नाही. आणि बँक खात्याला कुणाचा मोबाईल नंबर आहे ते बघा. माझ्या खात्याला अधीक्षकांचा होता, मी बाहेर पडलो, त्यांची बदली झाली, ओटीपी त्यांच्याकडे, खात्यात पैसे असून मी उपाशी.

मीनाक्षी_के:
मामाचं मनावर घेऊ नका, तिला काय हवंय ते समितीपुढे तिच्याच तोंडून येऊ दे. आणि दुकान, बँक, एसटीचा प्रवास, दोन माणसांचा स्वयंपाक हे सगळं आत्तापासून रोज करून घ्या. संस्थेत पन्नास जणींचा भात शिजतो, एकटीपुरता किती घ्यायचा ते पोरींना कळतच नाही हो.

शलाका_ताई:
खूप आधार वाटला सगळ्यांचा. अर्ज आजच लिहायला घेते. अनाथ प्रमाणपत्रासाठी वडिलांचा मृत्यू दाखला फाईलमध्ये आहे, आईचा नाही, गावी वारली होती. कुठे मिळेल?

परिविक्षा_दादा:
जिथे वारल्या तिथल्या ग्रामपंचायतीत नोंद असते, ग्रामसेवकांना संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या. नोंदच नसेल तर उशिरा नोंदणीची प्रक्रिया आहे, पण तिला वेळ लागतो, म्हणून आधी याच्याच मागे लागा.