कर्सर दिसत नाही म्हणून लगेच हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करायला सांगणं थांबवा

रेघोटी: कॅडमध्ये (संगणकावर ड्रॉइंग काढायच्या ऑटोकॅडसारख्या प्रोग्राममध्ये) क्रॉसहेअर, म्हणजे अधिक चिन्हासारखा कर्सर, दिसेनासा झाला असं कोणी म्हणालं रे म्हणालं की पहिलं उत्तर ठरलेलं, ग्राफिक्सकॉन्फिग ही कमांड टाका आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे चित्र दाखवायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारी सोय, बंद करा. मला हे साफ चुकीचं वाटतं. आधी बघा तरी की कर्सर खरंच गेलाय की नुसता दिसत नाहीये. माऊस हलवला की खाली कोऑर्डिनेट्स बदलतायत का, एखाद्या रेषेवर नेल्यावर ती उजळते का? उजळत असेल तर कर्सर जागेवरच आहे, मग ऑप्शन्समध्ये डिस्प्ले, तिथे कलर्स, आणि क्रॉसहेअरचा रंग बघा. मॉडेल (जिथे ड्रॉइंग काढतो) आणि लेआउट (छपाईसाठी मांडलेली शीट) यांचे रंग वेगवेगळे असतात हे बरेच जण विसरतात, त्यामुळे काळ्या मॉडेलवर ठसठशीत दिसणारा कर्सर पांढऱ्या शीटवर गेला की सापडतच नाही.

पिकबॉक्स: असहमत. सबमिशन तासाभरावर असताना कोण रंग तपासत बसणार? ॲक्सिलरेशन बंद केलं की बहुतेक वेळा कर्सर परत येतो, काम पुढे सरकतं. टूडी ड्रॉइंगला असा काय मोठा फरक पडतो?

रेघोटी: तासाभरासाठी बंद करा की, पण ते तसंच राहतं ना! नंतर तोच माणूस थ्रीडी मॉडेल फिरवताना मशीन अडकतं म्हणून वैतागतो, कारण सगळं ओझं प्रोसेसरवर आलेलं असतं आणि आपण काय बंद केलं होतं ते त्याच्या लक्षातही नसतं. ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, जुना असेल तर तो अपडेट करा. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये कॅडला हाय परफॉर्मन्सवाली द्या.

पिकबॉक्स: ऑफिसच्या मशीनवर ॲडमिन राइट्स नसतात हो, ड्रायव्हर कसा टाकणार? आणि रिमोट डेस्कटॉपवरून काम करणाऱ्यांनी काय करायचं? ज्याच्या हातात जे आहे तेच तो करणार.

रेघोटी: रिमोटचा मुद्दा मान्य, तिथे बंद करून बघणं योग्यच आहे. पण राइट्स नसतील तर आयटीवाल्यांच्या मागे लागायचं, जन्मभर ॲक्सिलरेशन बंद ठेवून नाही चालायचं.

ऑर्थोमोड: तुम्ही दोघं फक्त गायब होण्यावर भांडताय. फोरके, म्हणजे खूप बारीक पिक्सेलच्या, स्क्रीनवर काहीही बिघडलेलं नसताना कर्सर हरवतो, त्याचं काय? ऑटोकॅडमध्ये कर्सरसाइझ, म्हणजे कर्सरच्या रेघांच्या लांबीची सेटिंग, मुळात ५ असतो, म्हणजे स्क्रीनच्या ५ टक्के. तो सरळ १०० करा, रेघा कडेपर्यंत जातात, नजर आपोआप छेदावर येते. माझी नजर अधू आहे, मला याशिवाय काम जमतच नाही.

पिकबॉक्स: १०० नको बुवा, दाट प्लॅनमध्ये क्रॉसहेअर कुठला आणि सेंटरलाइन कुठली हेच कळत नाही. १५-२० पुरे.

ऑर्थोमोड: मग रंग वेगळा द्या ना, ड्रॉइंगच्या कुठल्याच लेयरला (थराला) नसलेला. कर्सरसाइझने लांबी वाढते, जाडी नाही, म्हणून रंगाला पर्याय नाही. आणि १०० वर एलिव्हेशनमधल्या (इमारतीच्या उभ्या दर्शनी चित्रातल्या) खिडक्यांचे माथे एका ओळीत आहेत का ते वेगळी रेघ न काढता दिसतं, ते २० वर कसं करणार?