एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या: पॅडल बोर्ड एकच घ्यावा की दोन? मदत हवी आहे

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

आम्ही मालवणजवळ देवबागला राहतो. ज्यांनी गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कर्लीची खाडी आणि समुद्र यांच्या मधे वाळूची लांबच लांब चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावर आमचं घर. मागच्या दाराने उतरलं की खाडी, पुढच्या अंगणातून माडांखालून गेलं की समुद्र. मागे सकाळी आठपर्यंत पाण्यावर सुरकुती नसते आणि पुढे त्याच वेळी लाटा फुटत असतात. माझा प्रश्न या जागेमुळेच उभा राहिलाय. दोन्ही पाण्यांत चालेल असा एकच स्टँड-अप पॅडल बोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) असतो का?

माझं वजन ६८ किलो, उंची ५ फूट ३ इंच, वय ४१. मुलगी बारा वर्षांची, ३४ किलो, पोहण्यात माझ्यापेक्षा चांगली. दीर मुंबईहून वर्षातून चार-पाच वेळा येतात, त्यांचं वजन नव्वदच्या घरात. खाडीत मी तास-दीड तास आरामात वल्हवते. लाटांत मात्र कच्ची आहे.

एकदा फसले आहे म्हणून इतकं विचारतेय. मागच्या दिवाळीत ऑनलाइन एक स्वस्तातला हवेचा बोर्ड घेतला. १० फूट लांब, ३० इंच रुंद, ४ इंच जाड. मधोमध उभी राहिले की त्याची कमान व्हायची, पोट पाण्यात आणि नाक-शेपूट वर. सोबतच्या पंपाने दहा पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) पुढे हवा जाईना. एप्रिलमधे एका सकाळी अकराच्या सुमारास तो फुगवलेलाच वाळूवर ठेवून मी घरात पाणी प्यायला गेले. परत आले तर शेपटीकडून बारीक सीऽऽ आवाज. कडेची पट्टी वीतभर सुटली होती आणि मधला गोंद फणसाच्या चिकासारखा तारा धरून ताणला गेला होता. विकणाऱ्याने 'उन्हात ठेवल्यामुळे झालं, वॉरंटीत बसत नाही' असं कळवलं. समुद्रावरची वस्तू उन्हात ठेवायची नाही तर कुठे ठेवायची? वाईट वाटलं ते मुलीमुळे. तिने वाढदिवसाचे पैसे त्यात घातले होते.

त्यानंतर एका ओळखीच्यांचा साडेबारा फुटी कडक बोर्ड आठवडाभर वापरला. टोकदार नाकाचा, २९ इंच रुंद, लांब पल्ल्याचा. खाडीत स्वर्ग! एक वल्हं मारलं की सरळ रेषेत किती तरी पुढे. तोच समुद्रावर नेला, तर कमरेएवढ्या लाटेवर नाक पाण्यात घुसलं, मी पुढे फेकले गेले आणि बोर्डाची कड नडगीवर आपटली. तो काळानिळा डाग तीन आठवडे होता.

आता बजेट चाळीस हजारांपर्यंत आहे, थोडं ताणता येईल. साडेदहा फुटी, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड हवेचा बोर्ड, तेवढाच कडक इपॉक्सी बोर्ड आणि नऊ फुटी सर्फचा (लाटांवर स्वार व्हायचा) बोर्ड यांत अडकले आहे. त्यात लिटरचा घोळ आहे. हवेच्या बोर्डावर तीनशेच्या आसपास लिटर लिहितात, तेवढ्याच लांबी-रुंदीच्या कडक बोर्डावर दोनशेच्या आत. मग हवेचा जास्त स्थिर म्हणायचा का? वल्ह्याची लांबी, फिन (तळाला शेपटीकडे असते ती उभी पाती) आणि बोर्डाला बांधून ठेवणारी पायाची दोरी यांबद्दलही सांगा. गावात विचारायला कुणी नाही. चुलत सासरे आयुष्यभर मासेमारीत होते, ते एवढंच म्हणाले, "सुकतीक तोंडार जाव नको गो, पाणी वढून व्हरता." म्हणजे ओहोटीला खाडीच्या तोंडाशी जाऊ नको, पाणी ओढून नेतं. ते मी पाळते.

भाट्येकाठ

ताई, लिटरचं आधी. लिटर म्हणजे बोर्डाने किती पाणी बाजूला सारलं तर तो पूर्ण बुडेल, तेवढंच. स्थिरता मुख्यतः रुंदीवर आणि तळाच्या आकारावर असते. हवेचा बोर्ड सहा इंच जाड करावा लागतो कारण ताठपणा जाडीतून आणि दाबातून येतो. आत हजारो धागे वरच्या आणि खालच्या कापडाला बांधून ठेवतात, म्हणून तो गादीसारखा गोल न फुगता सपाट राहतो. पण त्या जाडीमुळे तुम्ही पाण्यापासून उंचावर उभ्या राहता आणि जाड कडा वाराही जास्त धरतात. म्हणून हवेच्या बोर्डाचे तीनशे आणि कडक बोर्डाचे एकशेऐंशी एका तराजूत घालू नका.

तुमचा पहिला बोर्ड दहा पीएसआयवर वाकायचा, त्यात चूक तुमची नव्हती. चार इंच जाडीला एवढ्या दाबात ताठपणा येतच नाही. चांगल्या बोर्डाला पंधरापर्यंत भरायचं असतं. पंपाचा काटा सुरुवातीला बराच वेळ हलत नाही, तेव्हा पंप बिघडलाय असं समजून थांबू नका. शेवटचे चार-पाच पीएसआय घाम काढतात आणि बोर्ड खरा होतो तो त्यांनीच. पाण्यातून बाहेर आल्यावर तीन-चार पीएसआय सोडून द्या आणि माडाच्या सावलीत ठेवा. तापला की आतली हवा प्रसरण पावते आणि शिवण उकलते. हे त्या विकणाऱ्याने आधी सांगायला हवं होतं, नंतर नव्हे.

दर्यासारंग

मी सर्फच्या बाजूने बोलतो. लाटेवर बोर्डाची कड पाण्यात रुतावी लागते, तेव्हाच तो वळतो. हवेच्या बोर्डाच्या कडा जाड आणि गोल, त्या रुतत नाहीत, घसरतात. फुटून आलेल्या फेसात सरळ किनाऱ्याकडे येण्याची मजा त्यावर पुरेपूर मिळते आणि शिकायला ती पुष्कळ आहे. लाटेच्या अंगावर तिरपं जायचं असेल तर कडक बोर्डच हवा, आणि त्याचं नाक वर उचललेलं हवं. तुमच्या साडेबारा फुटीचं नाक म्हणूनच घुसलं. तो बोर्ड सपाट पाणी कापायला बनवलेला असतो. त्याला लांबी हवी, सर्फला वळण हवं. ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

तुमच्या वजनाला शिकताना साडेनऊ फूट, ३१-३२ इंच पुरे. नऊ फुटी आत्ताच घेतलात तर खाडीत प्रत्येक वल्ह्याला नाक डावी-उजवीकडे फिरेल आणि कंटाळाल.

एक कळकळीने सांगतो. फेसातून आत जाताना बोर्ड कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मधे धरू नका, बाजूला धरा. पडताना पाठीवर पसरून पडा, पाय खाली सोडू नका. किनाऱ्यालगत पाणी किती उथळ आहे ते फेसात कळत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. नाक का घुसलं ते आज कळलं. भाट्येकाठ, नव्वद किलोच्या दिरांसाठी सहा इंच जाड घ्यायचा आणि वारा जास्त धरतो म्हणून मी रोज त्रास काढायचा, हे पटत नाही. पावणेपाच इंची बोर्डही दिसतात.

भाट्येकाठ

दिरांसाठी घेऊच नका, जो रोज वापरणार त्याच्यासाठी घ्या. पण मुलगी पुढे बसणार ना? ६८ आणि ३४ म्हणजे १०२. मग सहा इंचच. बोर्डावर १३० किलो मर्यादा छापलेली असली तरी तेवढ्यात तो फक्त तरंगतो, नीट चालत नाही. मी छापील आकड्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास राहतो. तुम्ही दोघी त्याहून थोड्या वर जाता, म्हणून १५० किंवा अधिक मर्यादेचा बघा.

वल्हं लांबी कमी-जास्त होणारं घ्या. खाडीत उंचीपेक्षा आठ-नऊ इंच जास्त, म्हणजे तुम्हाला साधारण सहा फूट. लाटांत गुडघे वाकलेले असतात, तेव्हा चार-पाच इंच जास्त पुरे. खेळ झाला की नळ्या जोडणारा चिमटा उघडून गोड्या पाण्याने धुवा. आपली बारीक वाळू त्यात बसली की नळ्या सुटत नाहीत, मी एक कायमची गमावली आहे. आणि पात्याचा कोन पुढे झुकलेला हवा. नव्वद टक्के नवखे उलटं धरतात, मीही धरायचो.

फिन घेताना यूएस बॉक्स (वेगवेगळ्या कंपन्यांच्या फिन बसतात अशी ठरावीक मापाची खाच) आहे का ते बघा. कंपनीचा स्वतःचा खटका असेल तर एक फिन तुटली की कुडाळ, कणकवली, कुठेच मिळणार नाही. लांब नऊ इंची फिन सरळ जायला चांगली, पण ओहोटीला वाळूच्या उंचवट्यात रुतते, बोर्ड थांबतो आणि माणूस पुढे तोंडावर. खाडीसाठी चार-पाच इंची जवळ ठेवा. जेट्टीच्या खांबांना आणि कातळांना कालवं असतात, त्यांच्यापासून हातभर लांब राहा.

खाडीपलीकडचा

मी पलीकडे भोगव्याला असतो. बोर्डापेक्षा पाण्याबद्दल लिहितो, कारण ताईंना रोजचं पाणी तेच आहे.

पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो. त्याने किनाऱ्यालगतचं पाणी गुळगुळीत होतं आणि वाटतं, आज समुद्रही खाडीसारखाच आहे. तो वारा पाठीवर असतो आणि तुम्हाला बाहेर नेत असतो. हवेचा बोर्ड तर शिडासारखा जातो. परतताना तोच वारा तोंडावर येतो. समुद्राच्या बाजूला मतलईत कमरेएवढ्या पाण्यापलीकडे मुलीला पाठवू नका. वारा जड झाला तर उभं राहण्याचा हट्ट सोडायचा, गुडघ्यावर बसायचं, तरीही जमलं नाही तर पोटावर झोपून हातांनी यायचं. बोर्ड सोडून पोहत यायचं नाही, काही झालं तरी.

भरतीचा हिशेब आपल्याकडे तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला-अमावास्येला सव्वाअकरा. म्हणजे उधाणाच्या दिवशी सकाळी पाणी चढत असतं. भरतीबरोबर खाडीत वर जा, पाणी फिरायच्या आत परता. त्याच दिवशी दुपारी मात्र ओहोटी जोरात बाहेर आणि समुद्रावरून येणारा खारा वारा जोरात आत. तोंडाशी दोघं समोरासमोर येतात आणि लाट उभी राहते. तुमचे सासरे म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, ओढ कमी असते, पण सकाळी पाणी बाहेरच जात असतं, तेव्हा घराच्या वरच्या अंगाला राहा.

आणि दोरी. लाटांत सरळ दोरी घोट्याला, बोर्डाच्या लांबीएवढी. खाडीत वेटोळ्याची. पण जिथे जाळ्यांचे खुंट आहेत आणि पाणी वाहतंय, तिथे घोट्याची दोरी नको. दोरी खुंटात अडकली की प्रवाह माणसाला खाली दाबतो आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. कमरेचा पट्टा घ्या, ओढला की सुटणारा. मुलीला तो स्वतः सोडता आला पाहिजे. आधी अंगणात, मग गुडघाभर पाण्यात, डोळे मिटून दहा वेळा सोडायला लावा.

धागाकर्ती

हे वाचून काल संध्याकाळी मुलीला अंगणात पट्टा बांधला. पहिल्या दोन वेळी तिने चुकीची दोरी ओढली. दहाव्यापर्यंत हात आपोआप जायला लागला. हा प्रतिसाद आला नसता तर मी तिच्या घोट्यालाच दोरी बांधली असती. काय लिहू, हात जोडते.

ठरवलं ते असं. मागच्या महिन्याची वही काढून मोजलं. तीसपैकी बावीस दिवस खाडी, समुद्र चार दिवस. म्हणून पैसे खाडीवर. साडेदहा फुटी, ३२ इंची, ६ इंची हवेचा, दुहेरी थराचा, यूएस बॉक्सवाला, १५० किलोचा. कडक बोर्ड एसटीत चढत नाही, हवेचा पिशवीत घालून कुडाळ स्टेशनवरून रिक्षाने येतो, तेही आहे. समुद्रावर त्याच बोर्डाने फक्त फेसात शिकायचं, छोटी फिन लावून.

दर्यासारंग, तुमचंही पटलंय. वेंगुर्ल्याला एक जण साडेनऊ फुटी जुना इपॉक्सी बोर्ड स्वस्तात देतोय, पावसाळ्यानंतरसाठी घेऊन ठेवावा असं मनात आहे. शनिवारी बघायला जाते. आत पाणी गेलेला बोर्ड ओळखायचा कसा?

दर्यासारंग

घरून वजनकाटा घेऊन जा. आधी स्वतः काट्यावर उभ्या राहा, मग बोर्ड उचलून पुन्हा. फरक कंपनीच्या आकड्यापेक्षा दोन-अडीच किलोंनी जास्त आला तर आतल्या फोमने पाणी प्यायलंय. मग वरच्या बाजूला, उभं राहायच्या जागी, अंगठ्याने दाबत दाबत जा. कुठे पापडासारखं आत जाऊन पुन्हा वर आलं तर तिथे थर सुटलाय. जुन्या टवक्यांभोवती तपकिरी डाग दिसला तर तोही पाण्याचाच. फिनच्या खाचेच्या कडेला बारीक चीर आहे का ते उजेडाकडे धरून बघा, गळती तिथूनच सुरू होते. वरच्या बाजूला छोटा स्क्रू असतो, हवा सोडायचा. तो काढून बोर्ड उभा-आडवा करा. थेंब गळले तर हात जोडून परत या, आणि मुलीला सोबत न्या, तिचे डोळे बारीक चिरा आपल्याआधी बघतात.