जुन्या वाड्याचा पुनर्विकास : कोणता नियम पाहावा?

प्रश्न : सदाशिव पेठेतील आमच्या वाड्याच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि नियमावली २०२० मध्ये बदलली; मग चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते ते) नेमके कशावरून मोजायचे?

उत्तर १ : जमिनीचा वापर, आरक्षण आणि प्रस्तावित रस्तारुंदी आराखड्यावरून पाहावी; चटईक्षेत्र, समासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) व वाहनतळ मात्र डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीवरून. तीत पूर्वी मोजणीतून वगळले जाणारे बाल्कनी, जिन्यासारखे भाग हिशेबात आले आणि त्यांच्यासाठी निवासी बांधकामास ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक (पूरक) चटईक्षेत्र अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून मिळू लागले, म्हणून जुन्या व नव्या आकड्यांची थेट तुलना करू नये. (बिल्डरच्या माहितीपत्रकात ती हमखास असते.)

उत्तर २ : रस्त्याची रुंदी आधी तपासा, कारण पेठांतल्या बोळांत सारे गणित तिथेच अडते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. नियम पुन्हा बदलल्यास आम्हाला कळेल का?

उत्तर १ : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खालील फेरबदलाची सूचना राजपत्रात व वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो, घरी पत्र येईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.