मदत हवी आहे: पिकअपच्या बॉडीत एलईडी पट्टी लावली, फ्यूज सारखा जातोय

गठ्ठेवाला
मंडळी, जरा लवकर सांगा. गाडीच्या मागे आतून एलईडी पट्टी लावली. उजेड झकास पडतो, पण थोड्या वेळानं फ्यूज जातो. नवा टाकला की परत तेच. पहाटे तुळजापूरचा माल भरायचाय, घटस्थापना तोंडावर आहे आणि पोरं तोंडात मोबाईल धरून गठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या वाचतात. काय करू?

शेळगीकर
गाडी कुठली? बॉडी उघडी की बंद? पट्टी किती मीटर? करंट कुठून घेतला?

गठ्ठेवाला
बोलेरो पिकअप. लाईट पेटते म्हणजे करंट बरोबरच आला ना! फ्यूज का जातो तेवढं सांगा.

डाळिंब_मोहोळ
दादा, वायरिंगच्या नादाला लागूच नका. चुंबकाची चार्जिंगवाली ट्यूब मिळते, पत्र्याला चिकटवली की झालं. आम्ही रात्री बागेत क्रेट भरताना तीच वापरतो. ना फ्यूज, ना स्विच.

शेळगीकर
बागेत ठीक आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं सोलापुरात पारा ४२-४३ च्या पुढं जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद पत्र्याच्या बॉडीत लिथियम बॅटरी ठेवायची, तीही कापडाच्या गठ्ठ्यांवर? मी तरी ठेवणार नाही.

डाळिंब_मोहोळ
दिवसा काढून केबिनमध्ये ठेवायची की! एवढं भिण्यासारखं काय आहे?

नाक्यावरचा
लै सोप्पं काम हाय. १० अँपियरचा फ्यूज असंल तर काढून २० चा टाका, परत जाणार नाही. आमच्या गाडीत तसाच हाय.

ऑटोवायरमन
गठ्ठेवाले मालक, २० चा फ्यूज अजिबात टाकू नका. फ्यूज वायर वाचवायला असतो. कंपनीची वायर बारीक, ती १० अँपियरच्या हिशोबानं दिलेली. फ्यूज मोठा केला की वायर तापून कव्हर वितळेल तरी फ्यूज जाणार नाही. आणि तुमच्या गाडीत माल कसला? चादरी, टॉवेल. सूत कसं पेटतं हे सोलापुरात कुणाला सांगायला नको.
आता एवढंच सांगा: फ्यूज स्विच दाबल्या दाबल्या जातो की चार मिनिटं चालून जातो? लगेच जात असेल तर वायर कुठंतरी पत्र्याला टेकलीय. चालून जात असेल तर लोड जास्त आहे.

गठ्ठेवाला
चार-पाच मिनिटं चालते, मग जाते. मागच्या टेललाईटच्या वायरीतून घेतलंय, पार्किंगचे दिवे लावले की पेटते. पट्टीचे दोन रोल आहेत, दोन्ही बाजूंनी आणि छतावरून फिरवलेत.

पाकणीकर
पण गाडीला मागून पांढरा लाईट चालतो का? आरटीओवाले धरतात. माझ्या भावाला मोडनिंबजवळ थांबवलं होतं.

शेळगीकर
केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला १०८ वा नियम. मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिवा दिसता कामा नये, पण गाडीच्या आतल्या लाईटला त्यातून सूट आहे. बंद बॉडीत आत लाईट असेल आणि चालताना दार बंद असेल तर अडचण नाही. तुमच्या भावाचा दिवा बाहेरच्या बाजूला होता का?

पाकणीकर
बंपरच्या वर होता.

शेळगीकर
मग ती गोष्ट वेगळी.

ऑटोवायरमन
मालक, पट्टी ५०५० ची आहे का? मोठ्या चौकोनी एलईडी, मीटरला ६०? त्या पट्टीला मीटरमागं साधारण १४.४ वॅट लागतात. पाच मीटरच्या रोलला ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ६ अँपियर. दोन रोलचे १२. वर गाडीचे पार्किंग दिवे आणि नंबर प्लेटचा दिवा, तेही त्याच फ्यूजवर. १० चा फ्यूज जाणारच. फ्यूज आपलं काम चोख करतोय.

गठ्ठेवाला
हो, मोठ्याच आहेत. मग एक रोल काढू का? रात्री पार्किंगच लागत नाही, ते कोण सहन करणार.

ऑटोवायरमन
एक काढला तरी टेललाईटच्या वायरीवर ठेवू नका. ही लाईन बॅटरीवरून वेगळी घ्या. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज होल्डर, त्यात ५ चा फ्यूज. मग १.५ स्क्वेअर एमएमची ऑटो वायर, पन्हाळी पाईपमधून चेसिसच्या कडेकडेनं मागं. सायलेन्सरपासून लांब. पत्र्याला भोक पाडाल तिथं रबर बुश बसवाच. हादऱ्यानं पत्र्याची धार वायर कापते आणि मग खरोखर शॉर्ट होतो.
अर्थ, म्हणजे मायनसची वायर, बॉडीच्या पत्र्याला देऊ नका. तुमची बॉडी नंतर बांधलेली असेल तर खाली लाकूड किंवा रबर असतं, अर्थ नीट मिळत नाही आणि लाईट फडफडते. चेसिसच्या बोल्टवर रंग खरवडून द्या.
पट्टी बारीक घ्या, पाकिटावर मीटरला ४.८ वॅट लिहिलेली. तुमची बॉडी आतून नऊ फूट धरली तर दोन्ही बाजूंना मिळून साडेपाच मीटर. सव्वादोन अँपियरच्या आत काम होतं.

नाक्यावरचा
रिले, म्हंजे जास्त करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच, लावायचा का नाही? रिलेशिवाय बॅटरीवरून लाईन घेत नसतात.

ऑटोवायरमन
हेडलाईटला, हॉर्नला लावा. दोन-सव्वादोन अँपियरला साधा स्विच पुरतो. रिले म्हणजे चार जोड वाढले, आणि प्रत्येक जोड धुळीत-पावसात सैल होणार.

नाक्यावरचा
आम्ही तर सगळीकडं रिलेच लावतो. दार लावलं की दाबून लाईट बंद करणारा पुश स्विच जळत नाही त्यानं.

ऑटोवायरमन
पुश स्विचवर किती अँपियर लिहिलंय ते बघा, मग बोला. ५ लिहिलं असेल तर नाही जळत.

चौपाडवाला
विषय वेगळा आहे पण सांगतो. आमचा टॉवेलचा धंदा आहे. स्वस्त पांढऱ्या पट्टीच्या उजेडात मरून आणि चॉकलेटी सारखेच दिसतात. आमच्याकडं रंगाची शेड चुकून माल परत आला आहे. पाकिटावर सीआरआय (उजेडात रंग किती खरा दिसतो त्याचा १०० पैकी आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेली पट्टी घ्या, ४००० केल्विनची, म्हणजे ना पिवळ्या ना निळसर उजेडाची. थोडी महाग पडते, पण रंग खरा दिसतो.

गठ्ठेवाला
मला चिठ्ठी वाचता आली तरी बास आहे अण्णा. पण मरूनचं खरं आहे, पोरं दिवसासुद्धा गडबडतात.

डाळिंब_मोहोळ
कुणाला बंद बॉडीला आतून थर्माकोल लावलेला आहे का? डाळिंब पुण्याला नेताना किती फरक पडतो?

शेळगीकर
मोहोळकर, वेगळा धागा काढा ना. इथं त्यांना पहाटे माल भरायचाय.

कुंभारीरोड
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. १२ व्होल्टची पट्टी गाडीला लावली तरी इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर १४ व्होल्टच्या वर देतो. पट्टीत तीन एलईडी आणि करंट आवरणारा एक रेझिस्टन्स अशी साखळी असते. दोन व्होल्ट वाढले की ते जवळजवळ सगळे त्या रेझिस्टन्सवर पडतात आणि करंट दीडपटीच्या आसपास जातो. पट्टी तापते, काही महिन्यांत तुकड्यातुकड्यानं विझते. आधी १२ व्होल्टचा रेग्युलेटर लावा, नाहीतर ट्रकची सीलबंद मॉड्यूल, म्हणजे सुटे छोटे एलईडी दिवे, घ्या. ज्यावर १० ते ३० व्होल्ट लिहिलंय तीच.

ऑटोवायरमन
बरोबर आहे. पण यांची लाईट माल भरतानाच लागणार, तेव्हा गाडी बंद असते.

कुंभारीरोड
पोरं इंजिन चालू ठेवूनच भरतात. मार्केट यार्डात पहाटे जाऊन बघा.

ऑटोवायरमन
बघितलंय. ठीक आहे, मालक, मॉड्यूलच घ्या. धूळ-पाण्यालाही बरी.

गठ्ठेवाला
आज रात्री काय करू ते सांगा आधी. मॉड्यूल उद्या दुकान उघडल्यावर.

ऑटोवायरमन
आज टेललाईटचा जोड सोडवा, टोकांना टेप मारा, पार्किंग नीट लागतं का बघा. त्याशिवाय हायवेला गाडी काढू नका. माल भरायला आजची रात्र मोहोळकरांची चार्जिंगची ट्यूब लावा आणि निघताना बाहेर काढा.

डाळिंब_मोहोळ
बघा, शेवटी ट्यूबच.

गठ्ठेवाला
कळवतो. माल पोचला. आज संध्याकाळी बॅटरीवरून लाईन ओढली, ५ चा फ्यूज, सहा मॉड्यूल. मागच्या दाराला पुश स्विच बसवला, दार लावलं की लाईट बंद. तासभर चालू ठेवून बघितली, वायर गार, फ्यूज जागेवर. मॉड्यूल छताच्या मधोमध लावलीत, पण गठ्ठे छतापर्यंत गेले की खाली अंधारच.

शेळगीकर
मधोमध लावली की पहिलाच थर उजेड अडवतो. दोन मागच्या चौकटीच्या आत उभी लावा, तोंड आतल्या बाजूला. बाकीची चार वरच्या दोन कोपऱ्यांत. माल मागून पुढं उतरत जातो, उजेड तिथंच हवा.

कुंभारीरोड
आणि मागच्या चिकटपट्टीवर विसंबू नका, उन्हाळ्यात तापल्या पत्र्यावरून सुटते. पॉप रिव्हेट मारा. रिव्हेट मारताना खालून वायर गेलेली नाही ना, ते आधी हात घालून बघा.

गठ्ठेवाला
चौकटीत रिव्हेटला जागा आहे. रविवारी बसवतो. अण्णा, मॉड्यूलमध्ये सीआरआय ९० मिळतं का?

चौपाडवाला
पाकिटावर लिहिलेलं असेल तरच घ्या. नाहीतर दुकानात मरून आणि चॉकलेटी असे दोन टॉवेल सोबत न्या, मॉड्यूल पेटवून त्याखाली धरा. फरक दिसला तर घ्या.