चर्चा: नव्वद पोरांच्या हायस्कूलला समुपदेशक हवा का?

हर्णैची_बाई
दापोली तालुक्यातल्या हायस्कूलात मी गणित शिकवते. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाने चाचणीच्या कागदावर नुसतं नाव लिहून दिलं. दोनदा. मी शून्य दिलं, वर्गासमोर बोललेही. नंतर कळलं, वडील बोटीवर खलाशी, आई अंथरुणाला खिळलेली, पोरगं पहाटे बंदरावर पाट्या उचलून तसंच शाळेत यायचं. कागद देताना त्याच्या हाताला म्हावऱ्याचा वास येत होता. मला आला होता तो. तरी विचारलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. आमचा पट नव्वदच्या आत. म्हणून वाटतं, पाच-सहा शाळांत मिळून एक पूर्णवेळ माणूस द्यावा.

निवृत्त_हेडमास्तर_राजापूर
बाई, तुमची कळकळ पटते, उपाय पटत नाही. त्या मुलाचं घर वर्गशिक्षकाला ठाऊक हवं होतं. आम्ही गणपतीआधी वाडीवाडीत फिरायचो, ओटीवर बसून चहा घ्यायचो, सगळं कळायचं. कंत्राटी माणूस वर्षभरात बदली शोधतो. शिवाय ‘त्या’ खोलीत गेलेलं पोर संध्याकाळी वाडीभर होतं, लोक म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय. दहावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं पहिलं येतं, ते शिक्षकांच्याच जिवावर. आणि अडलंनडलं तर 14416 आहेच, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आणि चोवीस तास.

चिपळूणची_ताई
सर, मी शाळांत समुपदेशनाचंच काम करते. 2021 च्या पुरानंतर पाऊस लागला की दप्तर उचलून दाराशी उभी राहणारी मुलं मी पाहिलीत. शिक्षकांना ती चुकार वाटायची.

ओटीवरच्या चहाला आईबाप समोर असतात. मुलीला घरातल्याच कुणाबद्दल सांगायचं असेल तर? जिवाला धोका किंवा लैंगिक अत्याचार असेल तर मी गप्प बसूच शकत नाही, अत्याचाराचं तर पॉक्सो या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली कळवावंच लागतं, आणि हे मी मुलांना आधीच सांगते. बाकीचं माझ्यापाशी राहतं, स्टाफरूममध्ये जात नाही. मी मार्कही देत नाही. खोलीचं म्हणाल तर मी आधी अख्ख्या वर्गाचे तास घेते, दहावीनंतर आयटीआय की डिप्लोमा यावर बोलते. मग माझ्याकडे येणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही.

आणि फोन? घरातला एकुलता मोबाईल बापाच्या खिशात. रेंजसाठी सड्यावर जावं लागतं.

हर्णैची_बाई
निकाल पहिला येतो म्हणूनच साठ टक्केवाल्याला तोंड लपवावं लागतं, सर.

निवृत्त_हेडमास्तर_राजापूर
मुलीचं म्हणणं मान्य. ते ओटीवर कधीच निघालं नसतं. पण सहा शाळांत मिळून एक म्हणजे आठवड्याचा एक दिवस. मंगळवारी येणारी ताई बुधवारी रडणाऱ्या पोराच्या काय कामाची?

हर्णैची_बाई
बुधवारी मी आहे. फक्त त्याला काय विचारायचं आणि काय नाही, ते मंगळवारी कोणीतरी मला शिकवा.