भुजंगप्रयातात मात्रा २० भरतात, तरी ओळ चुकते ती कशामुळे?

लालबागकर_सई

दादरच्या एका मंडळाची कवितास्पर्धा आहे. त्यात वृत्तबद्ध कवितेचा वेगळा गट आहे आणि नियमात 'अक्षरगणवृत्त' असं स्पष्ट लिहिलंय. मी भुजंगप्रयात निवडलं, कारण मनाच्या श्लोकांमुळे त्याची चाल कानात असते. पहिलं कडवं असं आहे:

जुनी चाळ गल्लीत जागी पहाटे
नळावर उभ्या बायका रांग लावुन
गर्दी निघाली पुढे फलाटाकडे
तुम्ही धावता, थांबते फक्त छाया

पहिल्या तीन ओळींत मात्रा (लघू अक्षराची एक, गुरूच्या दोन) बरोबर २० भरतात. चौथीत २१ होतात, कारण 'म्ही' जोडाक्षर असल्यामुळे मी 'तु' गुरू धरला. पण म्हणून पाहिलं तर उलटंच होतं. चौथी ओळ सरळ चालीत बसते, तिसरी अजिबात बसत नाही. दुसरी मला ठीक वाटते, पण वृत्त जाणणाऱ्या एकांनी तिच्यावर 'वृत्तभंग' असा शेरा दिलाय.

माझं मोजणं चुकतंय की लिहिणं? यमकही जुळत नाही, ते दिसतंय. आणि 'चाळ जागी' ही चेतनागुणोक्ती म्हणायची ना?

---

लगागा

चौथ्या ओळीत मोजणं चुकलंय, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत लिहिणं. मुळात भुजंगप्रयाताला मात्रा मोजायच्याच नसतात. ते अक्षरगणवृत्त आहे, त्यात प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते. चार 'य' गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट), म्हणजे लगागा लगागा लगागा लगागा; 'ल' लघू, 'गा' गुरू. १२ अक्षरं, त्यातलं १लं, ४थं, ७वं आणि १०वं लघू, बाकी आठ गुरू. याची बेरीज २० होते खरी, पण २० भरल्या म्हणून भुजंगप्रयात झालं असं उलट म्हणता येत नाही.

तुमची तिसरी ओळ याचा नमुनाच आहे. अक्षरं सुटी करून बघा:

ग र्दी नि | घा ली पु | ढे फ ला | टा क डे
गा गा ल | गा गा ल | गा ल गा | गा ल गा

अक्षरं १२, मात्रा २०, गुरू आठ आणि लघू चार. सगळे आकडे जुळतात आणि वृत्त मात्र कुठेच नाही. गण पडले त त र र, हवेत य य य य. पहिलंच अक्षर गुरू आल्यामुळे चाल सुरुवातीलाच अडते.

गण लक्षात ठेवायला 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र पाठ करा. जो गण हवा त्याच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरं घ्यायची. य-मा-ता म्हणजे लगागा, म्हणून तो 'य' गण. ता-रा-ज म्हणजे गागाल, म्हणून 'त' गण. आठही गण यातच सापडतात.

आता 'तुम्ही'. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं, हा नियम अर्धाच सांगितला जातो. पूर्ण नियम असा: जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल, तरच ते गुरू. 'गल्ली' सावकाश म्हणा, गल्-ली. 'ग'वर जोर येतो, तो गुरू. 'फक्त'मधला 'फ'ही तसाच. 'तुम्ही' मात्र तु-म्ही असं होतं, 'तु'वर जोर नाही, म्हणून तो लघूच. चौथी ओळ लगागा लगागा लगागा लगागा अशी बिनचूक आहे, तिला हात लावू नका. (दुसऱ्या ओळीतल्या 'उभ्या'चा 'उ' तुम्ही लघूच धरलात. म्हणजे कान बरोबर आहे, नियमाच्या भीतीने बोट चुकलं.)

मराठीत आघात न येण्याचे दोन मोठे गट आहेत. एक, 'ह' मिसळलेली जोडाक्षरं: तुम्ही, पुन्हा, उन्हात, कुऱ्हाड, तऱ्हा. दोन, सामान्यरूपात किंवा अनेकवचनात आलेला 'य': तुझ्या, जुन्या, उभ्या, घड्यात, दुसऱ्या. तत्सम शब्दांत मात्र आघात बहुतेक येतोच: सत्य, विद्या, पुत्र. म्हणून 'पुण्याचा साठा' यात 'पु' गुरू आणि 'पुण्याचा रस्ता' यात लघू. 'दिव्य दृष्टी'तला 'दि' गुरू, 'दिव्याखाली'तला लघू. लिपी बघून हे कळणार नाही, शब्द उच्चारूनच ठरवावं लागतं.

दुसरी ओळ: न-ळा-व-र-उ-भ्या-बा-य-का-रां-ग-ला-वु-न. अक्षरं १४. 'वर' आणि 'वुन' या दोन ठिकाणी एका गुरूच्या जागी दोन लघू आले. मात्रा फिटल्या, अक्षरं वाढली. शेरा योग्य आहे.

---

मतला_ते_मक्ता

वरचं सगळं मान्य, पण दुसरी ओळ सईंना ठीक का वाटली हे सांगायला हवं, नाहीतर त्या आपल्या कानावरच शंका घेत बसतील.

आपण बोलताना 'नळावर' असं पूर्ण अकारान्त म्हणत नाही, 'नळावर्' म्हणतो. 'लावुन'चं 'लावुन्' होतं. त्या उच्चाराप्रमाणे मोजा:

न ळा वर् | उ भ्या बा | य का रां | ग ला वुन्

हे नेमकं लगागा चार वेळा झालं. उर्दू छंदशास्त्रात मोजणी अशीच होते. तिथे घर, मन, वर हे दोन लघू नाहीत, तो एक गुरू आहे. या लयीला तिथे मुतकारिब म्हणतात, फऊलुन (म्हणजे लगागा) चार वेळा. भुजंगप्रयात आणि ही बहर, म्हणजे उर्दूतलं हे वृत्त, कानाला एकच. हिंदी-उर्दू गझला ऐकणाऱ्याला तुमची ओळ म्हणूनच खटकत नाही.

पण मराठी अक्षरगणवृत्तात प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारलं जातं असं धरून मोजतात. 'वर' म्हणजे लल, गा नव्हे. मराठी गझलेतही लगावली, म्हणजे लघू-गुरूंचा ठरलेला क्रम, काटेकोर पाळणारे हेच धरतात. गुरूच्या जागी दोन लघू घ्यायची सवलत मात्रावृत्तात आहे, अक्षरगणवृत्तात नाही. स्पर्धेच्या नियमात अक्षरगणवृत्त लिहिलंय म्हटल्यावर ती ओळ बदलावीच लागेल.

सोपी खबरदारी: लागोपाठ दोन लघूंची जागा सोडून इतरत्र घर, वर, मग, पण, तर, जर असे शब्द दिसले की तिथे थांबा. बहुतेक वृत्तभंग याच शब्दांपाशी सापडतात. 'वर'ऐवजी 'वरी', 'लावुन'ऐवजी 'लावुनी' ही जुनी सोय आहे (तुमच्या या ओळीत मात्र तीही बसत नाही), पण एका कडव्यात एकदाच वापरा. पुन्हा पुन्हा आली की भाषा शंभर वर्षं मागे जाते. 'गर्दी'चं 'गर्दि' करणं त्याहून वाईट. ह्रस्व-दीर्घाची मोडतोड करून बसवलेली ओळ परीक्षकाला लगेच दिसते.

---

ओवीकर

यमक आणि अलंकाराकडे येतो.

यमकाला शेवटचा स्वर जुळणं पुरत नाही. शेवटचं अक्षर पूर्ण आणि त्याआधीचा स्वर, एवढं तरी जुळावं. 'पहाटे'ला 'गाते' चालणार नाही, ट आणि त वेगळे. 'वाटे, दाटे, फाटे' चालतील. 'छाया'ला 'काया, वाया, माया' आहेत, पण तिथे धोका आहे. 'निघाली फलाटाकडे चिंब काया' अशी ओळ वृत्तात सहज बसते आणि मोहातही पाडते. पण कडव्यात पाऊस कुठेच नाही, मग काया चिंब कशाने? तो भरतीचा शब्द. वृत्तबद्ध कवितेत गुण जातात ते बहुतेक अशा शब्दांमुळे. 'च', 'ही', 'ती', 'त्या', 'जणू' हे त्यातले नेहमीचे. ओळीतून शब्द काढला आणि अर्थ जागचा हलला नाही, तर तो भरतीचा.

माझ्या मते यमकासाठी चौथ्या ओळीचा शेवट सोडावा. असं करून बघा:

जुनी चाळ गल्लीत जागी पहाटे
नळाशी उभ्या बादल्या, झोप फाटे
निघाली फलाटाकडे वाट सारी
तुम्ही धावता, सावली थांबणारी

चारही ओळी लगागात तपासल्यात. बायकांच्या जागी बादल्या आणल्या, कारण चाळीत नंबर बादलीच लावते, माणूस मागून येतं. तिसऱ्या ओळीतून 'गर्दी' हा शब्दच काढला. वाट निघाली म्हटलं की गर्दी आपोआप आली.

आता 'चाळ जागी'. ही चेतनागुणोक्ती नव्हे. इथे चाळ म्हणजे चाळीतली माणसं. मूळ अर्थ बसत नाही म्हणून जवळचा अर्थ घेतला, ही लक्षणा. ती शब्दशक्ती आहे, अलंकार नाही. 'वाट निघाली' हेही तसंच. चाळीनेच माणसासारखं काही केलं, म्हणजे तिचा जिना जांभई देऊ लागला, तर चेतनागुणोक्ती. परीक्षेत हे दोन्ही सर्रास गोंधळतात. 'थांबणारी सावली'त विरोधाभास आहे, कारण सावली माणसाबरोबर धावायलाच हवी. आणि 'झोप फाटे' यात झोपेला न सांगताच कापड केलंय. 'झोपरूपी वस्त्र' असं लिहिलं असतं तर रूपक सरळ ओळखू आलं असतं आणि ओळ मेली असती. अलंकार क्रियापदात लपवता आला तर तो जास्त चालतो.

---

लालबागकर_सई

'बादल्या' घेते, मनापासून आभार. 'झोप फाटे' माझ्या कवितेत परकं दिसेल की काय, याचा विचार करतेय. त्या ओळीचा शेवट मी माझा शोधते.

दोन शंका राहिल्या. मात्रावृत्त आणि छंद यांत नेमकं काय मोजायचं? आणि ओळीच्या शेवटी लघू आला तर?

---

लगागा

हाच विषय घेऊन दाखवतो.

मात्रावृत्तात मात्रांची बेरीज आणि तिचे गट बघायचे, अक्षरं कितीही असोत. पादाकुलकात ओळीला १६ मात्रा, आठ-आठच्या दोन भागांत:

चाळ पहाटे | जागी झाली
नळावरी मग | रांग लागली

पहिल्या ओळीत ९ अक्षरं, दुसरीत ११, दोन्हीकडे मात्रा १६. इथे 'मग'चे दोन लघू खुशाल चालतात. चूक होते ती आठाच्या सांध्यावर. शब्द सातव्या मात्रेपासून नवव्यापर्यंत पसरला की बेरीज १६ असूनही ओळ लंगडते.

छंदात फक्त अक्षरं मोजायची. लघू-गुरूचा प्रश्नच नाही, म्हणताना सगळी लांबवून म्हणतात. मोठ्या अभंगात ६-६-६-४, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात:

जुनी चाळ जागी
नळाला ना पाणी
बादल्यांची गाणी
ऐकू येती

जोडाक्षर इथे एकच अक्षर. 'बादल्यांची' म्हणजे बा-द-ल्यां-ची, चार. 'ल्' वेगळा मोजला की अभंग बिघडतो. चौथा चरण चारच अक्षरांचा असल्यामुळे तिथे श्वास तुटतो आणि शब्द ठळक होतो. सगळ्यात वजनदार शब्द तिथे ठेवा.

ओळीच्या शेवटी लघू आला तर संकेताप्रमाणे तो गुरू मानता येतो. पण तुमच्या 'लावुन'ला ही सवलत वाचवत नाही. 'न' गुरू मानला तरी 'वु' हे जादा अक्षर उरतंच. शिवाय भुजंगप्रयात 'गागा'वर टेकतं, तिथे खरा दीर्घ स्वर असला की म्हणताना ओळ भरीव लागते. स्पर्धेसाठी सवलत न घेतलेली बरी.

पुढे मंदाक्रांता किंवा शार्दूलविक्रीडित लिहायला घेतलंत तर यतीही, म्हणजे ओळीतला ठरलेला थांबाही, सांभाळावी लागेल. मंदाक्रांतेच्या १७ अक्षरांत थांबे ४, ६ आणि ७ वर, शार्दूलविक्रीडिताच्या १९ अक्षरांत १२ आणि ७ वर. त्या जागी शब्द मधोमध तुटला तर यतिभंग.

खोलात जायचं असेल तर माधव जूलियनांची 'छंदोरचना' बघा. याच ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना १९३८ मध्ये डी.लिट. दिली होती. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या नायगावच्या संदर्भ विभागात विचारून पाहा. ग्रंथ मोठा आहे, सलग वाचायला जाऊ नका. हवं ते वृत्त काढा, त्याचं लक्षण वहीत उतरवा आणि त्याच पानावर स्वतःच्या चार ओळी अक्षरं सुटी करून लिहा.

---

मतला_ते_मक्ता

एक राहिलं. पाठवण्याआधी कविता दोनदा म्हणून बघा, एकदा मनाच्या श्लोकांच्या चालीत आणि एकदा साध्या गद्यासारखी. चाल लावली की आपण नकळत 'गर्दि' म्हणून जातो आणि चूक झाकली जाते. ती सापडते गद्य वाचनात, हातात पेन्सिल घेऊन १ल्या, ४थ्या, ७व्या, १०व्या अक्षरावर खूण करताना.